हरवलेल्या मुलांसाठी मदतफोन कसा सुरू करावा : गोव्यातल्या मंडळांसाठी

जत्रेत मूल हाताचं सुटलं की आई आधी हाका मारत गाड्यांच्या रांगेतून धावते, मग दिसेल त्याला विचारते, मग नवऱ्याला शोधते. फोन करायचं सुचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात. त्यातली पाच जरी वाचवता आली तरी मदतफोन लावल्याचं सार्थक झालं. आमच्या डिचोली तालुक्यातल्या मंडळाने असा फोन सुरू केला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, नंबर घ्यायचा, फलक लावायचे की झालं. नंबर मिळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. हल्ली आजूबाजूची मंडळं आणि पालक-शिक्षक संघ विचारायला येतात, ‘आम्हालाही करायचंय, कुठून लागू?’ त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

आधी ठरवा : कशासाठी आणि किती वेळ

मुलांसाठी १०९८ ही मोफत, चोवीस तासांची मदतवाहिनी आहेच. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ती सुरू झाली. २०२३ पासून ती महिला व बालविकास खात्याच्या यंत्रणेतून चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. पोलीस हवे असतील तर ११२ आहे. तुमचा फोन या दोन्हींच्या जागी नाही, हे पहिल्या बैठकीतच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसू दे. चार अंकी सोपा नंबर आपल्यालाही मिळावा असं प्रत्येकाला वाटतं, पण तसे क्रमांक दूरसंचार विभाग सरकारी सेवांसाठी राखून ठेवतो. त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

मग गावच्या फोनाचं काम काय? त्या आईचा हात पोलिसांच्या हातात जाईपर्यंत धरून ठेवणं. वास्कोच्या बायण्याला, किनाऱ्यांवर, औद्योगिक वसाहतींच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत कन्नड, हिंदी, ओडिया, नेपाळी बोलणारी कितीतरी कुटुंबं राहतात. पोलीस ठाण्याची पायरी चढायला त्यांना भीती वाटते. ‘चला, मी येतो तुमच्याबरोबर’ असं म्हणणारा माणूस त्यांना हवा असतो. शिवाय कुठल्या वाटेने पोर ओहोळाकडे गेलं असेल, कुठल्या घराचं मागचं दार उघडं असतं, हे गावच्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

वेळेचा हिशेब मात्र कागदावर मांडा. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याच्या एकवीस. प्रत्येक पाळीला दोन माणसं म्हणजे बेचाळीस जागा. एकाने आठवड्याला दोन पाळ्या केल्या तरी एकवीस माणसं लागतात, आणि त्यातली दोन-तीन कुणाच्या ना कुणाच्या बारशाला किंवा बाराव्याला गेलेली असतात. तेवढी माणसं नसतील तर चोवीस तास असं फलकावर लिहू नका. रात्री दोनला वाजत राहणारा आणि कुणी न उचललेला फोन हा फोन नसण्यापेक्षा वाईट, कारण त्या घंट्यांच्या वेळात ते माणूस ११२ लावू शकलं असतं. आम्ही पहिलं वर्ष फक्त जत्रा, शिगमो आणि चतुर्थीच्या बाजाराचे दिवस धरले. सुरुवात तशीच करा.

कुणाला भेटायचं

बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तो कोण, त्याचा नंबर काय, सुट्टीवर असताना कोण पाहतो, हे आधी विचारून घ्या. त्यानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. तिघांनाही मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या : आम्ही काय करणार, काय करणार नाही, पाळीवर कोण कोण. पोच घ्या. स्वयंसेवकांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडूनच करून घ्या, आपला चुलतभाऊ असला तरी. मुलांच्या कामात शिरू पाहणारे सगळेच चांगल्या हेतूने येत नाहीत, आणि हे आधी बोलून ठेवलं की नंतर कुणाला अपमान वाटत नाही.

एक नियम लिहून भिंतीवर लावा. सापडलेल्या मुलाला कुणीही घरी नेणार नाही आणि कुणीही एकटा त्याच्याबरोबर बसणार नाही. नेहमी दोघं, त्यातली एक बाई, आणि चार माणसांना दिसेल अशा जागी.

नंबर आणि यंत्र

सिम मंडळाच्या नावावर घ्या, अध्यक्षाच्या नको. अध्यक्ष बदलतात. रिचार्जची तारीख दोघांच्या कॅलेंडरवर असू दे. वर्षभर फोन शांत असतो, रिचार्ज राहतो, नंबर बंद पडतो, आणि फलक मात्र बसस्टँडवर तसाच लटकत असतो. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत एका कंपनीची रेंज असते तर दुसरीची नसते, म्हणून हँडसेट दोन सिमचा घ्या. बटणांचा साधा फोन सोबत ठेवा, पावसाळ्यात वीज गेली तरी त्याची बॅटरी टिकते. उचलला नाही तर कॉल पाळीवरच्या दुसऱ्या माणसाकडे वळेल अशी सोय करून घ्या. मिस्डकॉल दिसला की त्याच क्षणी उलट फोन लावायचा. मजुरांच्या फोनमध्ये पुष्कळदा पैसे नसतात.

फोन वाजला की

या भागात घाई करू नका. आमच्या सगळ्यात मोठ्या चुका इथेच झाल्या.

संध्याकाळी एक फोन आला. बाई रडत होती, मुलगा सात वर्षांचा, ‘केरीला आलो होतो, तिथून दिसेनासा झाला.’ पाळीवर मीच होतो. आमच्या बाजूची केरी म्हणजे सत्तरीतली, अंजुणे धरणाजवळची. मी धरण डोळ्यांसमोर आणून तिकडच्या तिघांना पिटाळलं. बाई होती पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर, तेरेखोलच्या मुखाशी. फोंड्यालाही एक केरी आहेच. मुलगा तासाभराने सुरूच्या झाडांत झोपलेला सापडला, पण त्यातली वीस मिनिटं माझ्यामुळे वाया गेली. त्या दिवसापासून फोन आल्यावर भरायच्या आमच्या कागदावर गावाच्या आधी तालुक्याची चौकट आहे.

पर्यटक तर बोर्डावर रोमी अक्षरांत जे दिसतं तेच वाचतात. केप्याला ‘क्वेपेम’, डिचोलीला ‘बिचोलिम’, साखळीला ‘सांक्वेलिम’ म्हणतात. अशा नावांची एक यादी फोनाशेजारी चिकटवा. त्यांना गावच सांगता येत नसेल तर विचारा, ‘समोरच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचा.’

प्रश्नांचा क्रम ठरलेला हवा. पहिला प्रश्न फोनचा : ‘याच नंबरवर परत फोन केला तर लागेल ना?’ लाइन कधीही तुटते. दुसरा : ‘ताई, तुम्ही आत्ता नेमक्या कुठे उभ्या आहात?’ तिसरा : ‘शेवटचं कुणी पाहिलं, किती वाजता, कुठे?’ त्यानंतर मुलाचं नाव आणि घरातलं हाकेचं नाव, वय, उंची आईच्या कुठवर येते, अंगात काय, पायांत काय. पायांचं जरूर विचारा. शर्ट गर्दीत झाकला जातो किंवा बदलता येतो, चप्पल सहसा तीच राहते. बोलता-ऐकता येतं का, फिट येते का, कुठलं औषध चालू आहे, कुठली भाषा कळते. मग फोटो, शक्यतो आजचाच. जत्रेला आलेल्या प्रत्येक घराच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा एखादा फोटो असतोच, आणि त्यात कपडेही दिसतात.

हे विचारत असतानाच पाळीवरचा दुसरा माणूस ११२ ला कळवत असतो. चौकटी भरून झाल्यावर नव्हे, तालुका, वय आणि कपडे कळले की लगेच. पाळीवर दोघं लागतात ते यासाठी.

मूल घरातून हरवलं असेल तर फोनवरच सांगा : पलंगाखाली, कपाटात, माळ्यावर, अंगणातल्या गाडीत पाहा. बंद गाडीत अडकलेलं मूल ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. त्याच वेळी एकाला पाण्याकडे धाडा. गोव्यात पाणी कधीच लांब नसतं : विहीर, तळी, खाजनातली मानस (भरतीचं पाणी अडवणारं बांधाचं दार), नदी, आणि पावसाळ्यात भरलेल्या चिऱ्यांच्या खाणी. लहान मूल किंवा स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असेल तर सगळ्यात आधी पाणी, रस्ते मागाहून. किनाऱ्यावर असाल तर जवळच्या टॉवरवरच्या जीवरक्षकाला गाठायला सांगा. हरवलेली पोरं शोधणं हे त्यांच्या नेहमीच्या कामातलं आहे, आणि वाळूवर मूल कुठल्या बाजूला चालत जातं याचा त्यांचा अंदाज चांगला असतो.

‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. तोंडावर येतो, मला माहीत आहे. विचारला की आई खरं सांगायचं थांबते, आणि नेमकी तीच दहा मिनिटं कागदावरून गळतात.

मूल सापडलं असा फोन आला तर

बाल न्याय कायद्याचं कलम ३२ सांगतं की पालकांपासून वेगळं पडलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. फोन करणाऱ्या गाडेवाल्याला, मोटारसायकल पायलटला (भाड्याने दुचाकीवरून नेणाऱ्याला) हे दटावून सांगू नका. तो आपणहून फोन करतोय, तो आपला माणूस. त्याला इतकंच सांगा : मूल जिथे आहे तिथेच थांबा, आजूबाजूच्या एखाद्या बाईला बोलवा, पाणी द्या, आम्ही पोलिसांना घेऊन येतोय.

चार-पाच वर्षांच्या पोराला ‘आईचं नाव काय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘मम्मी’. बाबांचं नाव ‘पप्पा’. एका जत्रेत खाजं धरलेल्या चिकट हातांनी एक पोरगा आमच्या टेबलावर बसला होता. अर्धा तास हेच चाललं. मग आमच्यातल्या एका मावशीने विचारलं, ‘आजी रागावली की पप्पाला काय म्हणून हाक मारते?’ तो लगेच आजीच्या आवाजात ओरडला, नाव आणि वर एक शिवी. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं आणि बाप पाच मिनिटांत धापा टाकत आला. तेव्हापासून आमचे प्रश्न असे : शेजारची काकी मम्मीला काय म्हणते? घरासमोर काय आहे, देऊळ, खुरीस की दुकान? शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा? इकडे कशातून आलात, कदंबा बसमधून, स्कूटरवरून की ट्रेनमधून?

लाउडस्पीकरवरून पालकांचं नाव पुकारा, मुलाचं वर्णन नको. ‘निळ्या शर्टातला चार वर्षांचा मुलगा आमच्याकडे आहे’ असं ओरडलं की ते वर्णन कुणाच्याही तोंडी जातं. पुढे जो कुणी ‘माझं मूल आहे’ म्हणत येईल त्याने आपल्याला सांगायचं, आपण त्याला नाही. एक खूण राखून ठेवा : कानातलं, पायावरचा व्रण, हातातला दोरा. ‘माझं मूल आहे’ म्हणून फोन करणाऱ्यालाही मूल कुठे आहे ते सांगू नका, पोलीस ठाण्यात यायला सांगा. भांडून वेगळे झालेल्या आई-बापांतला एकजण तुमच्याकडे आधी पोचू शकतो. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हे पोलीस आणि बाल कल्याण समिती ठरवतात. तुमच्या टेबलावरून मूल पोलिसांशिवाय कुणाच्याही हातात जाऊ नये, आई समोर रडत उभी असली तरी. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

मूल स्वतःच फोन करतं तेव्हा

तेरा-सोळा वर्षांची मुलं स्वतः फोन करतात, बहुतेक रात्री, आणि सुरुवातीला बोलत नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो. ठेवू नका. हळू आवाजात सांगा, ‘मी आहे इथे, घाई नाही.’ मग एकच विचारा, ‘तू आत्ता आहेस तिथे तुला भीती वाटतेय का?’ घर सोडून निघालेल्या मुलाला लगेच ‘घरी जा’ म्हणू नका. निघण्याचं कारण घरातच असू शकतं. कुणालाही सांगणार नाही असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘जे लोक तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’, इतकं खरं बोला. पुढचं बोलणं १०९८ च्या समुपदेशकांवर सोडा, पण ते जोडले जाईपर्यंत लाइनवरून हलू नका.

मूल स्टेशनवर किंवा गाडीत असेल तर १३९, रेल्वेची मदतवाहिनी. गाडीचं नाव, डबा आणि पुढचं स्टेशन विचारा. मडगाव सोडलेली गाडी थोड्या वेळात कारवार किंवा सावंतवाडी गाठते, मग राज्यही बदललेलं असतं. हॉटेलचा संशय असेल तर पोलिसांना तसं स्पष्ट सांगा. २००३ च्या गोवा बाल कायद्याप्रमाणे हॉटेलच्या खोलीत मूल राहायचं तर ते कुटुंबीय किंवा रक्ताच्या नातेवाइकांसोबत नोंदवलेलं असावं लागतं, त्यामुळे रजिस्टर तपासायला पोलिसांकडे कारण असतं. स्वतः हॉटेलात घुसून चौकशी करू नका.

पोलीस ठाण्यात

‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे पण ठामपणे सांगा की असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला : हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि मूल पळवलं गेलं आहे किंवा त्याची तस्करी झाली आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. मूल म्हणजे अठराच्या आतलं कुणीही, सतरा वर्षांची मुलगीसुद्धा. ‘गेली असेल कुणाबरोबर’ हे ऐकून परतायचं नाही. हद्द आमची नाही असं म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठेही घडलेला असो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमाखाली तक्रार नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. सोबत फोटो आणि तुमचा भरलेला कागद न्या. आधार कार्ड नाही म्हणून कुणी घरी परतवत असेल तर तुम्ही तिथे असण्याचा उपयोग तेव्हाच.

फोटो आणि व्हॉट्सअॅप

फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकायची पहिली ऊर्मी असते. थांबा. मूल रात्री सापडतं आणि फोटो तीन वर्षं फिरत राहतो. मुलीचा असेल तर त्याखाली काय काय लिहिलं जातं ते मी वाचलं आहे. शिवाय काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बंदी घालतं. फोटो पोलिसांनी प्रसिद्ध करावा, तुम्ही फक्त पोलिसांचाच संदेश पुढे पाठवा. तुमच्या शोधपथकाच्या छोट्या ग्रुपात टाकला असेल तर मूल सापडताच सगळ्यांच्या मोबाइलमधून पुसून घ्या.

‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा संदेश तुमच्या फोनवर आला तर तो पोलिसांकडे द्या, पुढे ढकलू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मदतफोन चालवणाऱ्याच्या शब्दाला गावात वजन येतं, म्हणून त्याने जास्तच जपायचं.

जाहीर करण्यापूर्वी

एक रात्र तालीम करा. मंडळाच्या बाहेरच्या कुणाला तरी पहाटे तीनला फोन करायला सांगा, अर्धवट पत्ता द्यायला सांगा, मधेच कट करायला सांगा. कुणी किती घंट्यांनी उचलला, कागद किती भरला, ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बघा. लईराईच्या जत्रेसारख्या गर्दीत नेटवर्क कोलमडतं, तेव्हा धावणारी दोन पोरं आणि शिट्ट्या हव्यातच.

फलकावर १०९८ आणि ११२ मोठ्या अक्षरांत वर, तुमचा नंबर खाली. मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड. देवळाच्या सभामंडपात, चर्चच्या सूचनाफलकावर, अंगणवाडीत, पायलटांच्या थांब्यावर आणि भाड्याच्या खोल्यांच्या नळाजवळ, जिथे बायका हंडा भरेपर्यंत उभ्या असतात. जत्रेच्या तोंडाशी एक मुलगी बॉलपेन घेऊन बसवा, लहान पोरांच्या दंडावर आई-बापाचा नंबर लिहायला. वर्षभरात आम्ही केलेल्या कामांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच.

नोंदवही

पानांवर छापील आकडे असलेली वही घ्या, पान फाडलेलं कळतं. प्रत्येक नोंदीला वेळ आणि सही. वही कुलपात. मूल सापडलं की ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या प्रत्येकाला ‘सापडलं’ असं कळवून त्यापुढे खूण करा, नाहीतर पेडण्याचा कुणी तरी रात्रभर टॉर्च घेऊन हिंडत राहतो.

काही नोंदी मात्र उघड्याच राहतात. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जायला हवं. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा आणि त्या दिवशी घरच्यांबरोबर जाऊन ते गेलं का विचारा. मधल्या काळात दर महिन्याच्या त्याच तारखेला त्या घरी एक फोन करायचा. आमच्याकडे असं एक घर आहे. तिथला फोन पहिल्या घंटीलाच उचलला जातो. म्हणून नमस्कार, कशा आहात, यातलं काही आधी बोलायचं नाही. पहिलं वाक्य हेच : ‘आई, अजून बातमी नाही, पण तारीख आली म्हणून फोन केलाय.’